आजींचं मुकं पाणी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींइतकं बोलणारं माणूस अख्ख्या जर्मनीत नाही. देशभराच्या वाट्याची बडबड त्या एकट्या उरकतात. येनातल्या आमच्या इमारतीत कचरा टाकायला म्हणून उतरावं आणि त्यांच्या दारातून तासाभराने केकचा तुकडा घेऊन वर यावं. त्या लाउझित्स भागातल्या सोर्ब, म्हणजे जर्मनीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या स्लाव्ह लोकांपैकी. जानेवारीत पाखरांचं लग्न लागतं, असं त्या ठामपणे सांगतात. आदल्या संध्याकाळी माझ्या लेकीने खिडकीत बशी ठेवली, की सकाळी तीत पाखरांनी पाठवलेला लग्नाचा खाऊ असतोच. आजींचं चर्चही कधी चुकत नाही. हे सगळं येशूच्या आधीचं ना, असं मी एकदा खोचकपणे विचारलं, तर म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. ओढा आधीपासून वाहतोय, येशू मागून आला. त्या दोघांचं छान जमतं, आपण कशाला मध्ये पडायचं?"

ओढ्याचा मान ईस्टरला. त्या दिवशी सूर्य उगवायच्या आत वाहतं पाणी भरून आणायचं. त्याने तोंड धुतलं की वर्षभर दुखणं जवळ येत नाही. अट एकच, वाटेत अवाक्षर काढायचं नाही, नाहीतर ते नुसतं बडबडपाणी होतं. मला हे कुठे ठाऊक? पहिल्या वर्षी आजी जिन्यात भेटल्या त्या हातात किटली आणि तोंड घट्ट मिटलेलं. आजी आणि गप्प, म्हणजे पक्षाघाताचा झटकाच आला असणार. हात वर करा, हसून दाखवा, असा लकडा लावून मी रुग्णवाहिकेसाठी फोन काढला, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "अगं, धडधाकट आहे मी." मग उसासा टाकून त्यांनी किटली कुंडीत रिकामी केली आणि पुन्हा ओढ्याची वाट धरली.

यंदा ईस्टरनंतर त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं. जिना उतरवत नव्हता. लहानपणापासून न चुकलेलं पाणी नेमकं याच वर्षी चुकणार, म्हणून बाई धास्तावल्या होत्या. शेवटी किटली माझ्या हाती देत म्हणाल्या, "तुला जमेल ना गं गप्प राहणं?" हे त्यांनी मला विचारावं!

मी पाणी भरलं. वाटेत कुत्रा फिरवणारे शेजारी "मोर्गन" म्हणाले, मी नुसती मान हलवली. पुण्याहून आईचा फोन आला, तो आयुष्यात पहिल्यांदा कापला; त्याचा जाब पुढे आठवडाभर देत होते. आजी दार उघडून उभ्याच होत्या. त्यांनी ओंजळभर पाणी तोंडावर घेतलं, मग ओला हात माझ्या कपाळावरून फिरवला. या देशात एवढी माया मला कुणी लावली नव्हती.

तोंड धुतलं की बोलायची मुभा असते. मी वाट पाहत राहिले. आजी माझा हात धरून बसल्या होत्या आणि काहीच बोलत नव्हत्या.