डोळे आखण्याआधी

माझी मुलगी आणि माझ्या धाकट्या नणंदेचा मुलगा, दोघांनाही ऑटिझम. आम्ही रोह्याला, नणंद पेणला. आमच्या घराण्याचा ठाम समज असा, की नाव एक म्हणजे उपायही एकच. भाच्याला जड गोधडीखाली शांत वाटतं, म्हणून माझ्या लेकीलाही तशीच आणली. तिने ती खिडकीतून शेजाऱ्यांच्या पापडांवर टाकली. कुकरची शिट्टी झाली की लेक टाळ्या पिटते, म्हणून नणंदेने तिकडे मुद्दाम कुकर लावला. भाचा दोन तास पलंगाखाली.

एक मात्र सारखं. दोघंही कुणाच्या डोळ्यांत बघत नाहीत. थेरपीच्या बाई सांगायच्या, जबरदस्ती नको. मला पटायचं, आणि तरी मी रोज "आईकडे बघ ना" म्हणत तोंडापुढे खोबऱ्याची वडी नाचवायचे. ती वडीकडे बघायची. लेकीने एकदा तरी माझा चेहरा नीट बघावा, एवढीच माझी हाव होती.

नणंदेच्या सासऱ्यांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. यंदा पावसाळ्यात तिथे गेलो. भाचा थेट कोपरापर्यंत ओल्या शाडूत. लेक मातीचा कण लागू नये म्हणून दोन्ही हात वर करून उभी, पोलिसांनी पकडल्यासारखी. सासऱ्यांचा जीव टांगणीला. मग दोघंही एकाच फळीपुढे थांबली आणि एकेका गणपतीचा चेहरा अगदी जवळून न्याहाळू लागली. मी बघतच राहिले.

"त्यांचे डोळे आखायचे हायत अजून," सासरे म्हणाले. "समोरून कोण बघत नाय, म्हणून पोरं बघतात. व्हय का नाय गो?"

मी तिथल्याच पाटावर बसले आणि डोळे मिटले.

"वहिनी, चक्कर आली काय?" नणंद ओरडली.

"गप्प बस जरा."

बराच वेळ काहीच झालं नाही. माझी मलाच लाज वाटायला लागली. मग गालावर गरम श्वास आला, खोबऱ्याच्या वडीच्या वासाचा.

"आई," लेक म्हणाली. "मिशी."

कारखानाभर हशा पिकला. बारा वर्षांच्या संसारात नवऱ्याला ती दिसली नव्हती. मला हसू आवरेना आणि रडूही. पण डोळे काही मी उघडले नाहीत.

"अजून काय काय आहे," मी म्हटलं, "बघ."