कालव्याच्या गावासाठी शिकलेली सायकल

झुबेदाआपा गेली तो सोमवार होता. मी इथे बहारीनमध्ये, सलमाबादला आमच्या गोदामात माल उतरवून घेत होते आणि फोन आला तो जिदहफ्सच्या दातांच्या दवाखान्यातून. आपा तिथे रिसेप्शनला होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमची मैत्रीण आज आली नाही. फोनही उचलत नाही." सतरा वर्षांत आपाने कधी पाच मिनिटं उशीर केला नव्हता, त्यामुळे पुढचं काही विचारायची गरज पडली नाही. गाडी काढली, गुदैबियाला तिच्या घरी गेले, वॉचमनकडून दुसरी किल्ली घेतली. ती झोपेतच गेली होती. चष्मा घडी करून उशाशी, घड्याळ त्याच्या शेजारी… जशी रोज ठेवायची तशीच.

पुढचं सगळं मी केलं, कारण तसली कामं मला जमतात. पोलीस, इस्पितळ, वकिलात, रेसिडेन्ट आयडी कार्ड परत करणं. तिच्या मशिदीतल्या रत्नागिरीकडच्या मंडळींनी दफनाचं पाहिलं. बायका आत जात नाहीत, म्हणून मी कब्रस्तानाबाहेर गाडीत एसी लावून बसून राहिले. तिची एकुलती एक मुलगी सना स्कॉटलंडमध्ये असते. तिला वेळेत पोचता येणार नव्हतं. "थांबवू नका," एवढंच ती फोनवर म्हणाली. मी त्या दिवशी रडले नाही. आज सहा आठवडे झाले, आता थोडं स्वस्थ बसून लिहिता येतंय.

आपा दापोलीजवळची, मी मिरजेची. तिचा नवरा गेला तेव्हा सना नववीत होती. नातेवाईक म्हणाले गावी परत या. आपा म्हणाली, पोरीची शाळा इथे आहे, आणि राहिली. आमची ओळख गुदैबियातल्या एका किराणा दुकानात झाली. तिथे एकच नारळ उरला होता आणि दोघींचे हात त्याच्यावर होते. "तू घे," मी म्हटलं. "नको गो, फोडून अर्धा अर्धा करू," ती म्हणाली आणि दुकानदाराकडून तिथल्या तिथे फोडून घेतला. माझे यजमान कामासाठी कायम सौदीत आणि मला मूलबाळ नाही. सुट्टीच्या दिवशी माझ्याशी मराठीत बोलणारं माणूस म्हणजे आपा. ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, म्हणून आपा. मी तिला सुनंदाच.

सना रेडिओग्राफर झाली आणि ग्लासगोजवळच्या किर्किंटिलॉक नावाच्या गावात राहायला गेली. ते नाव आपाच्या जिभेवर कधीच बसलं नाही. ती त्याला 'कालव्याचं गाव' म्हणायची. गावाच्या मधून जुना कालवा जातो. पूर्वी त्यातून मालाच्या बोटी जायच्या आणि काठावरून घोडे त्या ओढायचे. ती घोड्यांची वाट आता सायकलवाल्यांची झाली आहे. शिवाय बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ उचलून त्या जागी दुसरी वाट केलेली आहे, ती डोंगरांकडे जाते. दोन्ही वाटांवर गाड्यांना मज्जाव. सना ड्यूटी संपली की तिथेच असायची. आईला नकाशे पाठवायची, फोटो पाठवायची आणि प्रत्येक फोटोखाली इंग्रजीत एकच वाक्य… 'नो कार्स, अम्मी.' बहारीनमध्ये वाढलेल्या मुलीला त्याचं अप्रूप वाटणारच. इथे दुकानात जायचं तरी गाडी लागते.

एका नकाशावरून आमचा वादही झाला. गावात एका ठिकाणी खाली ओढा वाहतो, त्याच्यावरून ही रेल्वेची वाट जाते आणि वाटेच्याही वरून, दगडी कमानीवरून, कालवा जातो. आपाला पटेना. "पाण्याच्या वर पाणी, नि मधून माणसं जातात? गळत नाही ते?" मी म्हटलं, आपल्या गच्चीवरच्या टाक्या गळतात, त्यांच्या नाही गळत. ती कितीतरी वेळ फोटो मोठा करून बघत राहिली. मग म्हणाली, "सुनंदा, तुला सायकल येते ना? मला शिकव."

ती तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती. मी कारण विचारलं. ती म्हणाली, "पोरगी म्हणते, तू ये, मी तुला गाडीतून सगळं दाखवते. तिला जे आवडतं ते गाडीतून दिसत नाही. मी तिच्या मागून चालले तर ती माझ्यासाठी थांबत बसणार. मला तिच्या बाजूला जायचंय." एवढं स्पष्ट कारण असल्यावर मी आणखी काही विचारलं नाही. सलमाबादच्या एका दुरुस्तीवाल्याकडून कमी उंचीची, पुढे दांडी नसलेली जुनी सायकल घेतली. आपा तळमजल्यावर राहायची, म्हणून सायकल तिच्याकडे ठेवली. सनाला मात्र सांगायचं नाही, तिला तिथे पोचल्यावरच दाखवायचं, असं आपाने बजावलं.

शुक्रवारी पहाटे सलमाबाद रिकामं असतं. वर्कशॉपची शटर खाली, ट्रक ओळीने उभे, कामगार झोपलेले. फज्रची नमाज झाली की आपा घराबाहेर उभी असायची. सलवारीच्या पायांना ऑफिसातले रबरबँड, ओढणी मागे गाठ मारलेली. सायकल माझ्या गाडीच्या डिकीत कशीबशी बसायची. मी कॅरिअर धरून मागून पळायचे. नोव्हेंबरात सुरुवात केली आणि जानेवारीत ती माझा हात सुटल्यावर सरळ जाऊ लागली. पडली तेव्हा स्वतःवरच ओरडली, "ऊठ गो बाई, कोण उचलणार तुला!" मग वळणं झाली, ब्रेक झाले, घंटी झाली. मी शिकवते तशी शिकवते, कौतुक वगैरे करत नाही. एकदा ती म्हणाली, "तुझ्या गोदामातली माणसं तुला घाबरतात ते बरोबरच आहे."

फेब्रुवारीत माझ्या लक्षात आलं की आपण चूक करतोय. इथे उजवीकडून चालायचं असतं आणि तिकडे भारतासारखं डावीकडून. समोरून कोणी आलं तर ही बाई सरळ त्याच्या अंगावर जाईल. म्हणून पुढचे पाच शुक्रवार आम्ही सलमाबादच्या गल्ल्यांतून डाव्या बाजूने सायकल चालवली. एका वळणावर पाण्याचा टँकर समोर आला. पठाण ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला, खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडला, "खालाजी! राँग साइड!"

आपा पाय टेकून शांतपणे म्हणाली, "भाईसाब, हम स्कॉटलंड में हैं."

"तो वहीं जाओ ना! यल्ला, यल्ला!"

परत येताना गाडीत आम्ही इतक्या हसलो की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. मी अशी फारशी हसत नाही.

मे महिन्यात ती तीन आठवड्यांसाठी गेली. परत आली ती एक शिंपल्याच्या आकाराचं बिस्किटांचं खोकं आणि भरपूर गोष्टी घेऊन. "सगळं बघितलं गो. खरंच वर पाणी, खाली पाणी. त्या कमानीखाली थंड वाटतं, आणि आवाज केला तर परत येतो. बदकं वाट सोडत नाहीत, आपणच थांबायचं. एक म्हातारा रोज कुत्र्याला घेऊन येतो, रोज हवेबद्दल बोलतो. काय बोलतो ते एक अक्षर कळत नाही. मी आपली येस येस म्हणते." मी मनात म्हटलं, चला, काम झालं. पुढे हिवाळा आला तेव्हा मी शुक्रवारचं विचारलं. ती म्हणाली, "गुडघे दुखतात. राहू दे आता." मी "बरं" म्हटलं. जोर केला नाही आणि खरं सांगायचं तर मला थोडा रागही आला होता. एका प्रवासापुरतं शिकली, खलास. त्या हिवाळ्यात माझं तिच्याकडे जाणं कमी झालं. फोन व्हायचे, पण कामापुरते. शुक्रवारी मी घरीच झोपून राहायचे.

आपा गेल्यावर दोन आठवड्यांनी सना आली. घर रिकामं करायला मी तिच्याबरोबर होते. पॅसेजमधला बल्ब गेलेला, म्हणून मोबाईलच्या उजेडात सामान काढत होतो. भिंतीला टेकलेलं काहीतरी जुन्या चादरीखाली होतं. सनाने चादर ओढली आणि सायकलकडे बघत राहिली. सनाला मराठी समजतं पण ती बोलते इंग्रजी, मी मराठी बोलते, आमचं असंच चालतं. तिने विचारलं, "आंटी, ही कोणाची?"

"तुझ्या आईची. तुझ्याकडे यायच्या आधी शिकली. तिथे चालवली नाही का तुम्ही दोघींनी?"

ती खाली बसली, तिथेच, खोक्यांमध्ये. मग तिने सांगितलं. तिने आईसाठी मैत्रिणीची सायकल आणून ठेवली होती, अशीच सहज, नाही जमली तर ढकलत नेऊ म्हणून. आईने ती हौसेने हातात घेतली, कालव्याच्या काठावर नेली. एक पाय पॅडलवर ठेवला. मग मागे वळून पाहिलं. थोडा वेळ तशीच उभी राहिली, पुन्हा मागे पाहिलं, आणि सायकल सनाच्या हातात देऊन म्हणाली, गुडघे दुखतायत. त्यानंतर तीन आठवड्यांत सायकलचं नाव काढलं नाही. "मला वाटलं, तिला हे सगळं कंटाळवाणं वाटतंय," सना म्हणाली. "माझं आयुष्यच तिला कंटाळवाणं वाटतंय. मी ड्यूटीवर गेले की ती घरात टीव्ही बघत असेल… मी तिला परत कधी बोलावलंच नाही, आंटी."

मी तिला आधी कमानीखालच्या थंडाव्याचं सांगितलं. बदकांचं, कुत्रेवाल्या म्हाताऱ्याचं. त्या म्हाताऱ्याला सना ओळखत होती, सुट्टीच्या दिवशी तिलाही दिसायचा. तो दुपारी येतो, तिच्या ड्यूटीच्या वेळेत. म्हणजे आपा रोज एकटी ती वाट चालून येत होती. सना मान हलवत राहिली.

मग दुसरं सांगितलं, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. चार महिने दर शुक्रवारी आपा सायकलवर बसायची तेव्हा माझा हात कॅरिअरवर असायचा. दोन पावलं मी ढकलायचे आणि सोडायचे. थांबली की पुन्हा मी. तेवढाच वेळ वाचतो, असा माझा हिशेब. तिला सरळ जाता येत होतं, वळता येत होतं, थांबता येत होतं, डावी बाजू पक्की झाली होती. एकटीने निघायचं कसं, हे मी तिला शिकवलंच नव्हतं. आणि मला ते सुचलंही नव्हतं. गोदामात टाचणीपासून एसीच्या डक्टपर्यंत सगळं तपासून घेणारी बाई मी.

"मला म्हणाली असती तर मी धरली असती," सना म्हणाली. हे ती मराठीत म्हणाली.

सना परत गेली. जाताना तिने सायकल सलमाबादच्या दुरुस्तीवाल्याला देऊन टाकली, तसं मीच सुचवलं. घर रंगवून परत द्यायचा इथे नियम आहे, म्हणून किल्ली माझ्याकडे राहिली. गेल्या शनिवारी रंगारी यायचा होता. मी अर्धा तास आधी गेले, झाडून घेतलं आणि पॅसेजमध्ये नवा बल्ब लावला.

उजेड पडल्यावर भिंत दिसली. लांब, अरुंद पॅसेज आहे तो, स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत. कमरेच्या उंचीवर काळे ओरखडे होते, हँडलच्या रबराचे. त्यांच्यावर हाताच्या पंजाचे डाग, टेकल्याचे, सावरल्याचे. मी पहिल्यांदा मनात म्हटलं, दोन हात लागतील रंगाचे. मग लक्षात आलं. आम्ही भेटत नव्हतो त्या हिवाळ्यात ही बाई इथे, दार लावून, कोणी न धरता, निघायला शिकत होती.

पर्समध्ये माझ्याकडे टेप असते. पॅसेज साडेसहा मीटर भरला. स्वयंपाकघराच्या बाजूला पहिल्या दीड मीटरात भिंत दिसत नव्हती, इतक्या खुणा. पुढच्या मीटरभरात त्या विरळ होत गेल्या. मग एकच, लांबट, पुसट. रंगारी आला, बादली ठेवून दारात उभा राहिला आणि वाट बघू लागला. मी टेप गुंडाळली नाही, पुन्हा एकदा मोजलं. त्या शेवटच्या खुणेपासून बाहेरच्या दारापर्यंत भिंतीवर कुठेही हात टेकलेला नव्हता.