शेजारी बसणारा मालक

आमच्या शेजारच्या एका पोराला नवंनवं ट्रकचं लायसन मिळालं होतं. बोलताना तो शर्टाच्या खिशातल्या लायसनवर सारखी थाप मारायचा.

शिरूरच्या मार्केट यार्डात दोन मालक त्याला ड्रायव्हर म्हणून ठेवायला तयार होते. एकाची गाडी कोरी करकरीत, दुसऱ्याचा जुना खटारा. यानंच दोघांना विचारलं, "पहिल्या खेपेला माझ्या शेजारी बसाल का?"

कोऱ्या गाडीवाला हसला. "तुझा हात अजून बसला न्हाई. मी जीपनं येतो मागनं."

खटाऱ्यावाले आप्पा मात्र धोतर सावरत केबिनमध्ये चढले.

"मग हितंच ऱ्हातो कामाला," पोरगा म्हणाला. "भ्यायचं तर दोघं मिळून भिऊ, आप्पा."

कांद्याची गाडी पुणे रस्त्याला लागली, तेव्हा त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. खिशावर थाप काही पडली नाही.