'करुण'खालची रिकामी ओळ

निसार सर गेल्याचा फोन आला तेव्हा माझा त्यांच्यावर राग होता. सव्वादोन आठवडे ते माझ्याशी बोलले नव्हते आणि मीही हट्टाने फोन केला नव्हता. कॉलेजातला पहिला तास संपवून स्टाफरूममध्ये आले तोच मोबाइलवर सरांच्या बायकोचं, रशीदा भाभींचं नाव दिसलं. मनात म्हटलं, चला, म्हातारा विरघळला एकदाचा. मी 'हॅलो' म्हणायच्या आत भाभी म्हणाल्या, "वनिता, सर गेले. ये तू." मी हातातली हजेरी टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली... दुपारी जनाजा उठला तेव्हा मी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसले होते, आणि खरं सांगायचं तर दुःखाच्या आधी मला भीती वाटत होती. आमच्यातलं भांडण आता कायमचं माझ्याकडेच राहणार होतं.

सर मूळचे देवगाव रंगारीचे. शहरातल्या एका शाळेत त्यांनी सारी नोकरी मराठी शिकवण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर उस्मानपुऱ्यातल्या घराच्या मागच्या खोलीत आम्हा विद्यार्थ्यांना शिकवत राहिले. मुसलमान माणूस मराठीचा मास्तर कसा, असं नवीन कुणी विचारलं की म्हणायचे, "आमच्या गावात म्हशीलाबी मराठीत हाकलावं लागतं. मी तर माणूस हाय." विद्यार्थी ज्यांना सगळ्यात जास्त घाबरतात ते शब्द, म्हणजे रस, अलंकार, प्रतिमा, प्रतीक, हे सरांचे लाडके. मी बी.ए.ला असताना त्यांच्याकडे आले ती व्याख्या घोकून. त्यांनी माझी वही मिटली आणि विचारलं, "गावाकडल्या ग्रामपंचायतीत मोडक्या हाताची खुर्ची हाय. डोळ्यापुढं आली?" मी म्हटलं, आली. "ही प्रतिमा. आता त्याच खुर्चीपायी भाऊ भावाशी बोलायचा बंद झाला. मग ती नुसती खुर्ची राहिली का?" मी मान हलवली. "झालं तुझं प्रतीक. जा घरी."

त्यांचा एकच कडक नियम होता. उदाहरण पुस्तकातलं चालायचं नाही. ते जिवंत माणसाच्या तोंडून, आपण स्वतः जाऊन, कानांनी ऐकून आणायचं. मग जुन्या लग्नपत्रिका कापून केलेल्या कार्डाच्या कोऱ्या बाजूला ते वाक्य लिहायचं आणि खाली बोलणाऱ्याचं नाव, गाव आणि बोलताना तो काय करत होता ते. अतिशयोक्तीच्या कार्डावर एका प्रवाशाचं वाक्य होतं : "बसची वाट बघून पायाला मुळ्या फुटल्या." चेतनगुणोक्तीच्या कार्डावर रिक्षावाल्याचं : "गारठा पडला की हिला उठायचा कंटाळा येतो." अशी शेकडो कार्डं पत्र्याच्या डब्यांत रचलेली असायची. आमची सगळ्यांची धडपड एकच, सरांनी आपलं कार्ड डब्यात टाकावं. त्यांनी नाकारलेलं कार्ड घेऊन पायऱ्या उतरताना परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटायचं, आणि माझी पहिली तीन कार्डं त्यांनी नाकारली होती.

चौथ्या वेळी त्यांनी मला करमाडला पाठवलं. 'करुण'साठी जात्यावरची ओवी आणायची होती. मे महिना होता. मी जालना रोडच्या बसमध्ये बसले आणि वाटेत चिकलठाण्यालाच उतरले. तिथे माझी मैत्रीण राहायची. तिच्याकडे पंखा होता आणि टोपलीभर आंबे होते. संध्याकाळपर्यंत मी तिथे बसून स्वतःच दोन ओळी रचल्या :

*दारीचा धुण्याचा दगड गं उन्हामधी तापतो*
*लेकीच्या बांगड्यांचा बाई आवाज कुठं लपतो*

खाली लिहिलं, कौसाबाई, करमाड, दळताना. अशी कौसाबाई कुठेही नव्हती. सरांनी कार्ड वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं, आणि डब्यात टाकलं. त्या दिवशी मी घरी कशी गेले ते आठवत नाही, इतकी हवेत होते. लाज नंतर वाटली, आणि तीही थोडीच.

पुढे बावीस वर्षं कौसाबाई आमच्यात नांदली. प्रत्येक नव्या तुकडीला करुण रस शिकवताना सर तेच कार्ड काढायचे. "रडणाऱ्याचा असतो तो शोक," ते सांगायचे, "आणि ऐकणाऱ्याच्या पोटात कालवतं तो करुण. रडणाऱ्याला रस ठाऊक नसतो. तो ऐकणाऱ्यापाशी तयार होतो." मग ओवी वाचायचे. मुली डोळे पुसायच्या. सुरुवातीला एकदा त्यांनी कौसाबाईला भेटायची इच्छा दाखवली तेव्हा मी तिला घाईघाईने मारून टाकलं. म्हातारी होती, गेली, म्हटलं. सरांनी त्या तासाला एक मिनिट शांत उभं राहायला सांगितलं. मीही उभी राहिले, मान खाली घालून. मी स्वतः मराठी शिकवायला लागले, माझे केस पिकायला लागले, तरी ती बाई काही माझा पिच्छा सोडेना.

मागच्या वर्षी सरांच्या किडन्यांनी दगा दिला आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. तेव्हा त्यांनी कार्डांचं पुस्तक करायचं मनावर घेतलं. प्रत्येक शब्दाला एक पान : वर साध्या भाषेत अर्थ, खाली उदाहरण, त्याखाली नाव आणि गाव. पहिलं प्रूफ आलं त्या दिवशी ते खुशीत होते. म्हणाले, "प्रकाशनाला मोठी माणसं नकोत. जेची वाक्यं हायेत ती माणसं बसतील स्टेजवर. कौसाबाईची सून, नात, कुणी असंल की. त्यांना साडी-चोळी करू. तू करमाडला जाऊन ये." आठ दिवसांनी मी सांगितलं, जाऊन आले, घराला कुलूप होतं. एका खोट्याला सोबत म्हणून मी दुसरं दिलं. सर म्हणाले, "मग मीच येतो. परवा डायलिसिस नाय."

मी त्यांना उन्हाची भीती घातली, भाभींना मध्ये घातलं. काही उपयोग झाला नाही. ठरल्या दिवशी आम्ही ओळखीच्या एकाच्या गाडीतून निघालो. सर मागे माझ्याशेजारी बसले होते. हाताला सुईच्या जागी पट्टी, मांडीवर साडीची पिशवी. चिकलठाणा आलं, गेलं. सर प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होते, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे. मी मनात वाक्यं जुळवत होते आणि एकही तोंडातून निघत नव्हतं. शेंद्र्याचे कारखाने मागे पडले. आता दहा मिनिटांत करमाड. तिथे उतरून हा आजारी माणूस दारोदार त्या बाईचं घर विचारणार...

"सर, कौसाबाई नाहीये," मी म्हणाले.

"वारली ना. ठाऊक हाय."

"नव्हतीच. ओवी मी लिहिली."

गाडीचा पंखा फरफरत होता. सरांनी पुढे वाकून ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला. "भाऊ, गाडी वळवा."

परतीच्या वाटेवर माझी जीभ सुटली. लाज लपवायची असली की मी वाद घालते, ही माझी जुनी खोड. म्हटलं, सर, तुम्हीच शिकवलंत ना, करुण ऐकणाऱ्यापाशी तयार होतो? मग बावीस वर्षं मुली रडल्या ते खरं नव्हतं का? ओळी कुणाच्या, याने काय फरक पडतो? सर म्हणाले, "रस खरा असंल बेटा. गवाही खोटी हाय. मी पोरींना खोट्या बाईसाठी उभं केलं." मी चिडून म्हणाले, "तुम्हाला दोन ओळी आवडल्या होत्या, हे तरी कबूल करा." ते म्हणाले, "लई आवडल्या होत्या. म्हणून तर." घर आल्यावर साडीची पिशवी घेऊन ते एकटेच पायऱ्या चढले, कठड्याला धरून. मी आधार द्यायला हात पुढे केला होता, तो त्यांनी घेतला नाही. त्या न घेतलेल्या हाताचाच मला राग आला होता, आणि तो सव्वादोन आठवडे टिकला. त्या काळात सात डायलिसिस झाले असतील. मी एकदाही गेले नाही. ही गोष्ट मला कुणी माफ करू नये, मीही करत नाही.

सर गेल्यावर दहाव्या दिवशी भाभींनी मला मागच्या खोलीत नेलं आणि माझं नाव लिहिलेलं पाकीट दिलं. आत प्रूफ होतं. सरांनी 'करुण'चं पान लाल शाईने तपासलं होतं. अर्थ तसाच ठेवला होता. ओवी काट मारून काढली होती, कौसाबाईचं नाव काढलं होतं. 'उदाहरण'पुढची ओळ रिकामी, आणि समासात थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं : 'वनिताने आणावं. स्वतः जाऊन.'

मी गेले. कॉलेजातून रजा काढून गेले. देवगाव रंगारीला गेले, करमाडला तर दोनदा गेले. मी वही उघडली की माणसं सावरून बसायची आणि दुःख कसं सांगायचं असतं तसं सांगायची. कुणी रडूनही दाखवलं. त्यातलं काहीच माझ्या पोटापर्यंत पोचेना आणि या खेपेला खोटं लिहायची माझी हिंमत नव्हती. छापखान्यातून रोज फोन येत होता. मशीन मोकळं आहे ताई, एका पानासाठी किती थांबायचं? शेवटी त्यांनी मला सोमवारपर्यंतची मुदत दिली.

रविवारी मी हात हलवत उस्मानपुऱ्याला गेले. भाभींची इद्दत, नवरा गेल्यावर घरातच काढायचे चार महिने दहा दिवस, चालू आहे, त्या बाहेर पडत नाहीत. पान कोरंच सोडू का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. भाभी मेथी निवडत होत्या. मी समोर बसले आणि बोलायला सुरुवात होत नाही म्हणून काड्या मोडू लागले. तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा झाला, पाणी आलं, पाणी आलं. आठ-आठ दिवसांनी येणारं पाणी, सगळ्या घरांत पळापळ झाली. मीही सवयीने उठले. भाभी जागच्या हलल्या नाहीत.

"बस गं," त्या म्हणाल्या. "पूर्वी पाणी यायच्या दोन दिस आधीच टाकी सरायची. सरांवर किती ओरडायचे मी, पाणी जपून वापरा म्हणून. आता टाकी सरतच नाय बाई. पाणी यायच्या दिवशीबी अर्धी भरलेली असती."

आणि त्यांनी पुढची जुडी सोडली.

बाहेर बादल्यांचा आवाज चालू होता. मी पर्समधून कोरं कार्ड काढलं. "भाभी, तुम्ही आत्ता बोललात ते लिहू? सरांच्या पुस्तकात. तुमच्या नावानं."

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ती रिकामी ओळ ठाऊक असावी, कारण कुठल्या पानावर ते त्यांनी विचारलं नाही.

"लिही," त्या म्हणाल्या. "पण मला वाचून नको दाखवू."