स्टेपनी टांगायला मालवणला

लोक मालवणला किल्ला बघायला जातात, मासे खायला जातात. आम्ही स्टेपनी टांगायला गेलो.

आमची जीप माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. गेल्या वर्षी तिला जाडजूड, खडबडीत टायर घातले आणि नव्या स्टेपनीच्या वजनाने मागच्या दाराची बिजागरी तुटली. तेव्हापासून स्टेपनी मागच्या सीटवर, पट्टा लावून बसते. आईने जाहीर केलं, "ती उतरेल तेव्हा मी चढेन." मग बाबांनी पुढच्या रविवारी गाडी बघायला एक गिऱ्हाईकच बोलावलं. "मागचं काम नीट झालं तर ठेवू, नाहीतर जाऊ दे," एवढं बोलून त्यांनी पेपर उघडला.

मला ती जाऊ द्यायची नव्हती. चौथीपर्यंत मला आई-बाबांनी घरीच शिकवलं आणि अपूर्णांक मी या जीपच्या पान्यांवर शिकले. अर्धा इंच मोठा की नऊ-सोळांश, हे चुकलं की नट हलायचा नाही. त्याहून कडक मास्तर मला पुढे भेटला नाही.

तर मी आराखडा केला. दारावर भार नको. बंपरच्या कोपऱ्यात एक उभा खुंट, त्यावर फाटकासारखा फिरणारा आडवा हात आणि हातावर स्टेपनी. दार उघडायचं तर आधी हात बाजूला करायचा. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाऊ नयेत, हेही त्यात होतं. एकूण चौदा पानं झाली. कोल्हापुरात लोखंडाची कामं करणारे कमी नाहीत, पण दोघांनी ती पानं चाळली आणि "त्यापेक्षा गाडी बदला" म्हणाले. तेव्हा बाबांना गुणाजी मेस्त्री आठवले. बाबा बांधकामावर सुपरवायझर होते. कणकवलीच्या एका कामावर मेस्त्रींनी ग्रील केलं होतं. आता ते मालवणजवळ खाडीकाठी मच्छीमारी बोटींची लोखंडी कामं करतात, सुकाणूसुद्धा. जे खाऱ्या पाण्यात टिकतं ते आपल्या पावसात टिकेल, असा हिशोब.

पहिला दिवस. सकाळी सहाला निघालो. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण. घाटात वळणं अरुंद आहेत, ट्रकमागे राहायची तयारी ठेवा. प्रत्येक वळणाला मागच्या सीटवरची स्टेपनी पट्ट्यासकट कलायची आणि मी आरशात बघायचे. बाबा म्हणाले, "तिला उलटी होत नाही. तू पुढे बघ."

मेस्त्रींनी माझी चौदा पानं हातात घेऊन वजन केल्यासारखी वर-खाली केली.

"ह्या काय गो चेडवा? इतक्या कागदात आमची आख्खी बोट होता."

पण वाचली सगळी. एकच गोष्ट खोडली. मी खुंटावर बेअरिंग दाखवलं होतं. "बेरिंगात वाळू गेली की संपला. सुकाणवाक आमी बुश घालतंव. ग्रीस भर आणि इसर." मी पितळेसारख्या दिसणाऱ्या त्या बुशला, म्हणजे खुंटावर बसणाऱ्या साध्या नळीला, होकार दिला, आणि ग्रीस भरायला निपल कुठे असेल हे तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी माझं बोट धरून त्या जागेवर ठेवलं.

मेस्त्रींचं अंगण खाडीकडे उतरतं, पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. जीप तिथेच लावली, तोंड खाडीकडे, पाठ वेल्डिंगकडे. चाकांपुढे दगड लावले. (मी चारदा तपासले.) खुंट उभा करायची वेळ आली तेव्हा मेस्त्री गुण्या घेऊन आले, म्हणजे सुताराचा काटकोन. "बंपरावरसून गुण्या लावया," ते म्हणाले.

"थांबा," मी म्हटलं, "ओळंबा लावू."

बाबांनी पिशवीतून तो काढलासुद्धा. दोऱ्याला टांगलेला पितळी लंबक. तीस वर्षं त्यांनी त्यावर भिंती उभ्या केल्या आणि मला 'सरळ' हा शब्द त्यानेच शिकवला. "मेस्त्री, ओळंब्यापुढे गुण्या कसला?"

मेस्त्रींनी एकदा बाबांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "बरां. तुमची गाडी, तुमचो ओळंबो."

संध्याकाळपर्यंत जोडकाम झालं. स्टेपनी चढवली. हात जिथे सोडावा तिथेच थांबायचा, ना पुढे ना मागे. बाबा म्हणाले, "बरं झालंय." आमच्या घरात याहून मोठं बक्षीस नाही. त्या रात्री घरगुती खानावळीत सुरमईची थाळी खाल्ली, साडेतीनशेची. पैसे वसूल. सोलकढी पुन्हा मागायला लाजू नका, मी लाजले आणि अजून हळहळते.

दुसरा दिवस. सकाळी मी, बाबा आणि मेस्त्री जीप घेऊन जेटीवर गेलो. तिथलं काँक्रीट सपाट आहे, फोटो चांगले येतील म्हणून. बाबा मागे चहाचा कप घेऊन उभे राहिले. मी हात अडकवून ठेवणारी खिटी काढली.

हात आपणहून निघाला. कुणी ढकलला नाही, वारा नव्हता. स्टेपनी ऐटीत बाहेर आली, बाबांच्या पोटाला टेकली आणि त्यांना दोन पावलं मागे घेऊन गेली. चहा शर्टावर. मी हात बंद केला, तो पुन्हा निघाला. तिसऱ्यांदाही.

मी खिटी परत घातली. आता सगळा भार एका खिटीवर. घाटात ती निसटली आणि मागे मोटरसायकल असली तर? असली गाडी मी स्वतःच विकायला सांगितली असती.

मेस्त्री हसले नाहीत. उकिडवे बसून त्यांनी विचारलं, "गाडी आता खंय उभी आसा?"

"सपाटीवर."

"आणि काल?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काल जीप नाकावर कललेली होती. आम्ही खुंट ओळंब्याशी सरळ लावला, जीपशी नाही. सपाटीवर आल्यावर खुंट मागे झुकला आणि हात उताराला लागला.

"होडयेक ओळंबो खंय लायतत?" मेस्त्री म्हणाले. "ती कधी सरळ उभी ऱ्हवता? होडयेचा माप होडयेवरसूनच घेवचा लागता."

"मग काल बोलला का नाहीत?"

"बोललंय मां! पण तुमी बापूस-लेक दोघांय एकदम मास्तर झालास."

"चूक माझी," मी म्हटलं.

"ओळंबा माझा होता," बाबा शर्ट पुसत म्हणाले.

"चूक दोघांनी वाटून घेवा. कापूचा मात्र माकाच आसा."

दुपारभर त्यांनी जोड कापला आणि नव्याने लावला, या वेळी बंपरवरून गुण्या धरून. खुंट केसभर पुढे झुकवला, म्हणजे हात बंद व्हायलाच बघेल. बंद झाल्यावर तो रबरावर टेकतो, त्यामुळे खड्ड्यात आदळत नाही. जोडांवर रेड ऑक्साइडचे दोन हात. तुम्ही करून घेणार असाल तर एवढ्या गोष्टी लिहून घ्या, चौदा पानं लागत नाहीत. लोखंड, मजुरी मिळून अकरा हजार झाले. दुसऱ्यांदा जोडल्याचे मेस्त्रींनी घेतले नाहीत. "ती शिकवणी," म्हणाले.

काकींनी, म्हणजे मेस्त्रींच्या बायकोने, नारळ आणला. मेस्त्रींनी टोपी सारखी केली आणि जीपच्या पाठीमागे उभं राहून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवान तुका नारळ दिल्यान हा, तो मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा!" काकी.

"हेंचो टायर वाटेत सुटता नये, घाटात खंय अडता नये."

"व्हय म्हाराजा!"

"आणि हिच्या डोक्यात जी काय काळजी आसा, ती थोडी ह्या बापाशीक दी, तेका कसलीच काळजी नाय."

"व्हय महाराजा!" हे बाबांनी म्हटलं. काकींच्याही आधी, आणि मोठ्याने.

तिसरा दिवस. परत येताना मुद्दाम लांबचा रस्ता घेतला, वेंगुर्ले, सावंतवाडी, आंबोली, आजरा. वेंगुर्ल्यात काजू घेतले, सावंतवाडीत तळ्याकाठी थांबलो, आंबोलीत बाबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मागची सीट रिकामी होती आणि मी तरी आरशात बघत होते. खिटी तपासायला आजऱ्यापर्यंत मी सतरा वेळा उतरले, असं बाबांचं म्हणणं. माझ्या मोजणीत अकरा. खिटी जागची हलली नव्हती.

घरी आई जीपला एक फेरी मारून मागच्या सीटवर जाऊन बसली. काजूही तिथेच मागून घेतले.

रविवारी गिऱ्हाईक आलं. भला माणूस होता. त्याला जीप आवडली, स्टेपनीचा हात तर फारच. मी दारात उभी राहून नखं खात होते. बाबांनी त्याला हात उघडून दाखवला, बंद करून दाखवला, ग्रीसचं निपल दाखवलं. त्याने खुंटावर थाप मारली आणि कौतुकाने विचारलं, "ओळंब्यात आहे ना अगदी?"

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. त्याला चहा दिला, काजू दिले, फाटकापर्यंत सोडून आले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "याला गाडी द्यायची नाही. याला काही कळत नाही."

ओळंबा परत खिळ्यावर टांगलाय, भिंतींसाठी. संध्याकाळी बाबांनी ग्रीसगन माझ्या हातात दिली. जीपची किल्ली आंबोलीपासून माझ्याच खिशात होती. ती कुणी परत मागितली नाही.