त्या दिवशी झारी निघाली नाही

दाजी गेल्याची बातमी मला सलीमभाईंच्या आवाजात समजली, म्हणून आधी ती खरी वाटली नाही. मी कन्नडला शिक्षक आहे, तेव्हा शाळेतच होतो. मधली सुट्टी झाली होती आणि मुलं नळापाशी ढकलाढकली करत होती. "मास्टर, प्रल्हाद गया," सलीमभाई फोनवर म्हणाले. "मेरे दरवाजे पे..." एवढ्यावर फोन बंद झाला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान प्रल्हादराव. त्यांच्यात आणि सलीमभाईंच्यात कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. दोघं शहरात एकाच मुकुंदवाडी भागात राहायचे, रस्त्यात समोरासमोर आले तर एकजण पानटपरीकडं बघायचा आणि दुसरा आभाळाकडं. दाजी त्यांच्या दारात कशाला गेले असतील, या एकाच प्रश्नावर एसटीतला सगळा प्रवास संपला. त्याला आता काही आठवडे झाले. उत्तर मला मिळालं आहे, आणि ते मिळालं नसतं तर बरं झालं असतं असं वाटतं.

दाजी डांबरीकरणाची कामं घ्यायचे. सरकारी रस्त्यांच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. हॉटेलं, मंगल कार्यालयं, शोरूम, मोठे दवाखाने यांच्यासमोरची पार्किंगची जागा जुनी होते, डांबर पांढरं पडतं, भेगा फुटतात, गाड्यांच्या चाकांखाली खडी मोकळी होते. तिथले खड्डे कापून भरायचे, हवेच्या झोतानं धूळ उडवायची, पातळ डांबराचा फवारा मारायचा आणि वरून गरम मालाचा, म्हणजे डांबर घातलेल्या खडीचा, नवा थर टाकून द्यायचा, हे त्यांचं काम. सकाळी काळेभोर मैदान बघून मालक लोक खूश व्हायचे. दाजींच्या फावड्यांना माल चिकटू नये म्हणून डिझेल पुसलेलं असायचं. तो वास त्यांच्या सदऱ्यांना, स्कूटरच्या सीटला, घरातल्या उशांनासुद्धा होता. मी गावाकडून शिकायला आलो तो याच वासाच्या घरात. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. वडिलांनी तर माझ्यासाठी गावातल्या दुकानात बोलूनही ठेवलं होतं. दाजी एका रविवारी आले, जेवले आणि उठताना म्हणाले, "पाव्हण्याला मी नेतो. आमच्यात खोली नाय, पण गच्ची हाय." त्या गच्चीवर पत्रा टाकून त्यांनी मला जागा करून दिली. मी पदवीधर झालो तेव्हा पेढे त्यांनी वाटले. मी शिक्षक झालो तेव्हा साइटवरच्या सगळ्या माणसांना सांगून आले, "आमचे पाव्हणे आता सरकारी फळ्यावर लिहितेत." आज मी जे काही आहे ते त्या पत्र्याखाली झालो. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं जे लिहायचं आहे त्यात त्यांच्यावरचा रागही आहे.

सलीमभाईंचा स्वतःचा रोलर होता. दाजींचं काम आणि सलीमभाईंचा रोलर, असं ते ठरूनच गेलेलं होतं. दाजी पाच फूट चार इंचांचे, तापट आणि तोंडाळ. सलीमभाई उंच, सावकाश बोलणारे, आणि कितीही उकाडा असला तरी गळ्यात रुमाल. दुपारी माल थंड होऊ नये म्हणून ते दोघं उभ्याउभ्याच जेवायचे, आणि अक्काच्या डब्यातलं भरलं वांगं दाजींच्या आधी सलीमभाईंच्या भाकरीवर गेलेलं असायचं.

दाजींची एक सवय होती. काम घेण्याआधी आणि थर टाकून रोलर एकदा फिरला की लगेच, ते एक जुनी पत्र्याची झारी काढायचे, बागेत असते तशी. जागेच्या मधोमध पाणी ओतायचे आणि हात पाठीमागं बांधून पाण्याच्या मागून चालायचे. पाणी थांबलं तर तिथं खोलगट आहे. पाणी भलतीकडं वळलं तर ढाळ, म्हणजे उतार, चुकला आहे. माल गरम आहे तोवर फावड्यानं सुधारता येतं, गार झाल्यावर फक्त तोंड बघत बसायचं.

"प्रल्हाद, पार्किंग बनारा के बगीचा लगारा?" सलीमभाई रोलरवरून विचारायचे.

"तू गप तुझा घोडा पूस. नवरदेव पळून गेल्यावानी उभा हाय."

मग दोघंही हसायचे. हा विनोद मी इतक्या वेळा ऐकला की मला त्याचा कंटाळा आला होता. आता तो करायला कुणी नाही.

ज्या जागेबद्दल लिहायचं आहे ती एका व्यापारी संकुलाची आहे. त्याच्या मालकांचं नाव मी लिहीत नाही. ते हयात आहेत आणि शहरात त्यांना मान आहे. दाजी दुसऱ्याच्या टोळीत खडी वाहत होते तेव्हा याच मालकांनी त्यांना पहिलं स्वतंत्र काम दिलं होतं. दाजी ते कधी विसरले नाहीत. दर दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला ते आधी त्या बंगल्यावर जायचे, मग देवळात. मालकांसमोर ते खुर्चीवर बसायचे नाहीत. एकदा मी चिडून म्हणालो, "दाजी, काम करून देता तुम्ही, उपकार कसले?" ते म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही माझ्यासमोर पाय पसरून बसता का? नाय ना. मग." कृतज्ञता चांगली गोष्ट आहे असं मी मुलांना शिकवतो. ती माणसाचं तोंड किती काळ बंद ठेवू शकते हे मात्र कुठल्या धड्यात नाही.

त्या संकुलाच्या पार्किंगवर दाजींनी पहिला थर टाकला तेव्हा पाणी पुढच्या बाजूला रस्त्याकडच्या गटारात जायचं. काही वर्षांनी दुसरा थर पडला. खालचं जुनं डांबर आधी खरवडून काढायला हवं होतं. पण त्याला वेळ लागतो, आणि तेवढे दिवस गाड्या बाहेर राहतात. मालक म्हणाले, वरूनच टाका. तिकडं बाहेरचा रस्ताही थरावर थर चढून वर आला होता. जागा उंच झाली, रस्ता त्याहून उंच झाला आणि पावसाचं पाणी दुकानांच्या पायऱ्यांशी साचू लागलं. तेव्हा मालकांनी तोडगा काढला. तिसरा थर टाकताना ढाळ उलटा करायचा, पाणी मागच्या भिंतीकडं काढायचं आणि भिंतीला खाली भोकं पाडायची. भिंतीपलीकडं एक अरुंद गल्ली होती. गल्लीत सलीमभाईंचं घर होतं.

"मागून नाली बांधून देणार हायत मालक," दाजींनी सांगितलं.

"पहले नाली, फिर थर," सलीमभाई म्हणाले.

"दसऱ्याला शोरूमचं उद्घाटन हाय. मालकानं शब्द दिलाय, सलीम."

"तेरे को दिया. पानी को नहीं दिया."

तरीही सलीमभाईंनी रोलर आणला. दाजींचं काम दुसऱ्याच्या रोलरनं व्हावं हे त्यांना सहन झालं नसतं. दसऱ्यासाठी मी दोन दिवस आधीच आलो होतो, म्हणून त्या दिवशी मी तिथं होतो. थर टाकून झाला, रोलर एकदा फिरला, गरम डांबरातून वाफा येत होत्या. सलीमभाईंनी रोलर थांबवला आणि वरून म्हणाले, "प्रल्हाद, झारी निकाल."

"नंतर."

"नंतर कायको? अब्बी गरम है, अब्बी सुधरता."

समोरून मालक चार पाहुण्यांना घेऊन येत होते. हसत होते, हात फिरवून जागा दाखवत होते. दाजींनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा झारीकडं. झारी स्कूटरच्या हँडलला लटकवलेली होती. "मालकाच्या पाव्हण्यांसमोर नको, सलीम," ते हळू म्हणाले. सलीमभाईंनी रोलर चालू केला आणि तो ढाळ स्वतःच दाबून पक्का केला. मी दाजींना त्या दिवसाआधी किंवा नंतर झारी न काढता साइट सोडताना पाहिलं नाही. पाणी कुठं जाईल हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच त्यांनी ते पाहिलं नाही.

नाली झाली नाही. पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी पाणी भिंतीच्या भोकांतून गल्लीत उतरलं आणि सलीमभाईंच्या घरात शिरलं. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. पलंगाखालच्या पेटीत तिचे कपडे, रजया, सगळं जमवलेलं होतं. ते डांबराच्या काळ्या पाण्यात भिजलं. संध्याकाळी सलीमभाई दाजींच्या घरी आले. ओरडले नाहीत. अक्कानं चहा ठेवला तर म्हणाले, "नक्को भाभी." दाजींना एवढंच म्हणाले, "उस दिन झारी नहीं निकाली तूने... और रोलर तो मेराच था." आणि गेले. पुढं त्यांनी रोलर विकून टाकला.

त्यानंतर दाजी बदलले. कामं घ्यायचे, पण साइटवर त्यांचा आवाज ऐकू यायचा नाही. पाऊस लागला की वाळूच्या गोण्या स्कूटरवर टाकून गल्लीत जायचे, भोकांशी रचायचे आणि कुणाच्या दाराकडं न बघता परत यायचे. संकुलाचा वॉचमन त्या काढून टाकायचा, कारण मग पाणी दुकानांशी तुंबायचं. अक्का म्हणायची, "सलीमभाऊच्या दारात जाऊन एकदा बोला तरी." दाजी म्हणायचे, "काय बोलू? आधी पाणी वळवतो, मग बोलतो." मालकांकडं ते दरवर्षी जायचे. सगळे थर खरवडून द्यायचे, ढाळ पुन्हा पुढं करायचा, रस्त्याच्या कडेला खोल नाली काढायची, सगळं मी करून देतो, फक्त जागा मोकळी द्या. मालक कधी नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणाले असते तर दाजींनी एखादवेळी भांडून घेतलं असतं. ते म्हणायचे, "बघू, प्रल्हाद. तू घरचा माणूस." घरचा माणूस खूश होऊन परत यायचा आणि पुढच्या पावसापर्यंत वाट बघायचा.

यंदा दम लागू लागल्यानं दाजींनी काम सोडलं होतं. दिवाळीआधी संकुलात चौथा थर पडणार असं त्यांच्या कानावर आलं. काम दुसऱ्या ठेकेदाराला दिलेलं होतं. दाजी बंगल्यावर गेले. या वेळी मालक म्हणाले, "हो, हो, खरवडूनच करायचं आहे. तू उभा राहून करून घे." अक्का सांगते, घरी येऊन त्यांनी माळ्यावरची झारी स्वतः काढली, चिंचेनं घासली. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये जाऊन नवा ढाळ दाखवणाऱ्या चुन्याच्या रेघा मारून आले आणि मग झारी हातात घेऊन, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सलीमभाईंच्या दाराशी गेले. सलीमभाई खाटेवर बसले होते. त्यांनी मला दाजींचे शब्द सांगितले ते असे. "सलीम, या टायमाला खरवडायचं ठरलंय." एवढं म्हणून दाजी पायरीवर टेकले. सलीमभाईंना वाटलं, रडतोय. पाणी आणायला ते आत गेले... बाहेर आले तेव्हा झारी आडवी पडली होती.

मालक भेटायला आले. पांढरा सदरा, सोबत ड्रायव्हर. अक्कासमोर हात जोडून म्हणाले, "प्रामाणिक माणूस गेला." मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा खरवडण्याचं विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, ऐन दिवाळीत पार्किंग बंद ठेवता येतं का? त्याचं मन राखायला बोललो होतो. आजारी माणूस होता." हे सांगताना त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. कदाचित त्यांच्या लेखी ती दयाच होती. मला तेव्हा समजलं, दाजींना आयुष्यभर त्यांच्याकडून हेच मिळत होतं.

चौथा थर वरूनच पडला. चुन्याच्या रेघा त्याच्याखाली गेल्या. झारी सलीमभाई परत द्यायला आले होते, तेव्हा अक्का म्हणाली, "राहू द्या भाऊ, तुमच्याकडंच." थर पडल्यानंतरच्या रविवारी सलीमभाईंनी मला बोलावून घेतलं आणि झारी घेऊन ते त्या पार्किंगमध्ये शिरले. वॉचमनच्या नळावर ती भरली. भिंतीपासून थोडं अलीकडं उभं राहून पाणी ओतायला लागले.

"चाचा, नवं काम हाय, पाणी नका ओतू," वॉचमन म्हणाला.

"करनेवाले ने नहीं देखा, बेटा. मैं देखरा हूं."

पाणी काळ्या डांबरावर जरा थबकलं. मग त्याची एक रेघ सुटली आणि दाजींच्या जुन्या ढाळानंच मागच्या भिंतीकडं निघाली. सलीमभाई हात पाठीमागं बांधून तिच्या मागून चालू लागले, अगदी दाजींसारखे, मान थोडी वाकवून. रेघ भिंतीशी पोचली, भोकात शिरली आणि पलीकडं पडल्याचा आवाज आला. तिकडून त्यांच्या सुनेनं ओरडून विचारलं, "कौन पानी छोडरा?"

सलीमभाईंनी झारी उलटी करून उरलेलं पाणीही त्या रेघेवर सोडलं.

"कोई नहीं, बेटी," ते म्हणाले. "प्रल्हाद चाचा का काम देखरे."