नळवाल्याची तात्पुरती पट्टी

नळवाल्याचं एक वाक्य सगळ्या गल्लीला पाठ होतं: "तूर्त चालेल, पुढचं पुढे बघू." गळका नळ असो की फुटका पाइप, हा पठ्ठ्या रबराची पट्टी आवळायचा, हात पुसायचा आणि चालू पडायचा. पुढचं त्याने कधी बघितलं नाही. त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला नळ नऊ वर्षं फडकं बांधून ठिबकत होता आणि बायको त्याच्या नावाने बोटं मोडत होती.

एका दुपारी कुणाच्या तरी न्हाणीघरात पाना फिरवताना त्याच्या पोटात अशी कळ उठली की गडी तिथेच आडवा. कळ पार पाठीपर्यंत, उलट्या थांबेनात, डोळे पिवळे.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी कागदावर नळ्या काढून दाखवल्या. "पित्ताशयातला खडा घसरून इथे अडकलाय, दोन नळ्या मिळतात तिथे. म्हणून स्वादुपिंड सुजलं. आणि पित्त मागे तुंबल्यामुळे यकृतालाही झळ बसतेय."

"खाली बोळा, वर पाणी," नळवाला कण्हत म्हणाला. तेवढ्या दुखण्यातही त्याची छाती फुगली.

दुर्बिणीने खडा निघाला. सूज उतरली, डोळ्यांचा पिवळेपणा गेला आणि याची जीभ पुन्हा सुटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आत अजून खडे आहेत. घरी जायच्या आधी पित्ताशयच काढू या. पुन्हा एखादा अडकला, तर यकृत या वेळेसारखं निभावून नेईलच असं नाही."

"आता दुखत नाही ना? तूर्त चालेल, बाई. पुढचं पुढे बघू."

उशाशी बसलेली बायको इतकी हसली की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठला. मग तिचं हसू एकदम विरलं. ती खरंच घाबरली होती.

"अहो, नळाला फडकं बांधून नऊ वर्षं काढली मी. तुम्हाला कुठे बांधू?"

नळवाल्याने ऑपरेशनचा कागद मागून घेतला आणि त्यावर सही केली.

महिन्याभराने त्याने पहिलं काम केलं ते घरचं. फडकं सोडलं, नवा नळ बसवला. बायकोने सवयीने खाली पातेलं सरकवलं. ते कोरडंच राहिलं.

आता तो गल्लीत आपल्याच जुन्या पट्ट्या सोडवत फिरतो. कुणी "राहू दे हो, तूर्त चालेल" म्हणालं, की शर्ट वर करून टाक्यांचे वण दाखवतो.